आधी कागद ओळखा, मग नाव

"शास्त्रीने इशारा पातळी ओलांडली." आणि "शास्त्री यांचे नाव इतर हक्कातून कमी करण्यात आले." संगमेश्वर तालुक्यातले कागद चाळले तर ही दोन्ही वाक्यं सहज सापडावीत. पहिल्यातली शास्त्री नदी आहे, दुसऱ्यातले शास्त्री जमिनीचे खातेदार. वाचणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण हातातला कागद पुराचा इशारा आहे की फेरफार नोटीस, हे त्याने आधीच पाहिलेलं असतं. संगणकाला मात्र आपण बहुतेक वेळा सुटं वाक्य देतो आणि यातलं नाव शोध म्हणतो.

कोकणातल्या मजकुरात ही अडचण पावलोपावली येते. महाडची नदी सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी. २०२० च्या जूनमध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेलं वादळ निसर्ग. 'रत्ना' आणि 'सिंधू' या आंब्याच्या संकरित जाती. 'कर्जत-३' आणि 'रत्नागिरी-२४' हे भाताचे वाण, 'वेंगुर्ला-४' हा काजूचा. मराठीत इंग्रजीसारखी मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे विशेषनाम डोळ्यांना वेगळं दिसण्याची सोय नाही. म्हणून माझं ठाम मत असं, की तालुक्याच्या वाचनालयाचा संग्रह असो, साप्ताहिकाचे जुने अंक असोत की ग्रामपंचायतीचं दप्तर, आधी प्रत्येक कागदाचा प्रकार ठरवावा आणि नावं टिपण्याचं काम त्यानंतर करावं. प्रकार ओळखणं स्वस्त आहे आणि साध्या साधनांनी होतं. नावं ओळखणं महाग आहे, आणि प्रकार हाताशी असला की त्यातल्या निम्म्या शंका उरत नाहीत.

या दोन्हींच्या आधी मजकूर साफ करावा लागतो. सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं.

जुन्या फाइली श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमधल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, बदलताना पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात, कारण त्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. परिवर्तकातून फाइल गेली की 'चि', 'र्णै', 'र्ली' ही अक्षरं शोधून पाहा. चिपळूण, हर्णै आणि तारकर्ली नीट आले असतील तर बाकीचंही बहुधा नीट असतं.

मजकूर युनिकोड असला तरी तो एकसारखा नसतो. 'आचऱ्यात', 'चिऱ्याची' यांतला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. दोन्ही दिसायला सारखे, शोधात मात्र दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरणही हे दोन्ही एक करत नाही, ते नियम लिहून स्वतः करावं लागतं. 'ॲ' चीही तीच गत. जाहीर नोटिशीतलं 'ॲड.' काही जण एकसंध ॲ वापरून लिहितात, काही जण अ वर चंद्र देऊन. वकिलांच्या नावाआधीची खूणच त्यामुळे अर्ध्या कागदांत हुकते. आकडे देवनागरीत आणि रोमनमध्ये मिसळलेले असतात, तेही एका रूपात आणा. मूळ मजकूर मात्र तसाच जपून ठेवा आणि साफ केलेली प्रत वेगळी करा. कधी ना कधी मुळाकडे परत जावंच लागतं.

आता दोन खड्डे असे, की त्यात पडल्याचं कळतही नाही.

पहिला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत. तिथल्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रांत) 'शब्दातलं अक्षर' या खुणेत काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त काहीच बसत नाही. सायकिट-लर्न या मॉडेल शिकवण्याच्या पायथन संचातली शब्द तोडण्याची मूळ पद्धत हीच खूण वापरते आणि दोनपेक्षा कमी अक्षरांचे तुकडे टाकून देते. परिणाम असा: 'मालवण' चं 'लवण' होतं. 'गुहागर' चं 'गर', 'चिपळूण' चं 'पळ'. 'दाभोळ' तर पूर्ण नाहीसं होतं, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर स्वरचिन्हाने तुटून एकेकटं पडतं. एरर येत नाही, मॉडेल शिकतं, आकडेही बऱ्यापैकी येतात, आणि आत सगळा भुसा असतो. उपाय सोपा आहे: मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर शब्द तोडायला सांगा, किंवा अक्षरगटांवर काम करा.

दुसरा बर्ट घराण्याचा, म्हणजे भरपूर मजकुरावर आधीच शिकवलेल्या भाषा-मॉडेलांचा. त्यांच्या टोकनायझरमध्ये, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या भागात, 'लहान लिपी करा' (लोअरकेस) हा पर्याय चालू राहिला, की त्याबरोबर अक्षरांवरची स्वराघातचिन्हंही काढली जातात. फ्रेंचसाठी ते ठीक आहे. देवनागरीत मात्र अनुस्वार, हलन्त, उकार, मात्रा ही सगळी त्याच वर्गात मोडतात. 'हर्णै' बंदराचं 'हरण' होतं, 'केळशी' ची 'कळशी', आणि 'आंबा' चा 'आबा'. शेवटचं उदाहरण विशेष वाईट, कारण फळाचा माणूस झाला. मॉडेल घेतलं की पहिली गोष्ट ही करा: हे तीन शब्द टोकनायझरमधून काढा आणि काय बाहेर येतं ते डोळ्यांनी पाहा.

स्कॅन केलेल्या कागदांत अनुस्वार तसाही गळतो. टेसरॅक्ट या स्कॅनमधली अक्षरं वाचणाऱ्या साधनाच्या मराठी पॅकला ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या) खाली प्रतिमा देऊ नका. घ-ध, भ-म, ख-रव या जोड्या फसवतात. पावसाळ्यात ओल लागलेल्या कागदावरचा प्रत्येक ठिपका अनुस्वार होऊ पाहतो, म्हणून काळा-पांढरा करण्याआधी डाग काढून घ्या.

आता प्रकार. सुरुवातीला दहा-बारा पुरेत: पूर आणि हवामानाचे इशारे, फेरफार नोटीस, वकिलाची जाहीर नोटीस, बँकेची ताबा नोटीस, ग्रामसभेचा ठराव, निविदा, शासन निर्णय, मच्छीमार सोसायटीचं परिपत्रक, शेतीसल्ला, निधनवार्ता, बातमी, सातबारा. आणि एक 'इतर'. 'इतर' चे नमुने मुद्दाम गोळा करावे लागतात. ते नसले तर लग्नपत्रिकासुद्धा कुठल्यातरी नोटिशीत जाऊन बसते.

यासाठी मोठं मॉडेल लागत नाही. शब्दांच्या सीमेत राहून दोन ते पाच अक्षरांचे गट पाडा, त्यांना टीएफ-आयडीएफ वजनं द्या, म्हणजे सगळीकडे आढळणाऱ्या गटाला कमी आणि मोजक्या कागदांतल्या गटाला जास्त, आणि वर एक रेषीय वर्गीकारक, म्हणजे या वजनांच्या बेरजेवरून प्रकार ठरवणारं साधं मॉडेल, बसवा: लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा लिनिअर एसव्हीएम. अक्षरगट मराठीत चालतात याचं कारण विभक्ती. ठराव, ठरावाला, ठरावान्वये, ठरावाची हे चार वेगळे शब्द असले तरी त्यांच्यातले 'ठरा', 'राव' सारखेच राहतात. दर प्रकाराचे निदान शंभर नमुने जमवा. साध्या लॅपटॉपवर हे काही मिनिटांत शिकून होतं. हा पाया बसवल्याशिवाय बर्टकडे वळू नये. बर्टने त्यापेक्षा किती जास्त दिलं, हे तुलनेला काही असलं तरच कळतं.

कागदाची सुरुवात आणि शेवट यांना जास्त वजन द्या. शासन निर्णयाला वर विभाग, क्रमांक, दिनांक असतो आणि शेवटी 'आदेशानुसार व नावाने'. ठरावात 'सूचक' आणि 'अनुमोदक' असतात. सगळ्यात गोंधळणारी जोडी जाहीर नोटीस आणि ताबा नोटीस. दोन्हींत मिळकतीचं वर्णन, दोन्हींत चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांच्या हद्दी. फरक 'थकबाकी', 'ताबा', 'सिक्युरिटायझेशन' आणि 'हरकत असल्यास' या शब्दांवर ठरतो. चतुःसीमा मजकुराचा मोठा भाग व्यापते आणि वर्गीकारकाला चकवते, म्हणून या दोन प्रकारांपुरती ती कापून मग शिकवलं तर बरं चालतं.

मोजमाप करताना एक चूक फार होते. नमुने चिठ्ठ्या टाकून शिकवण्याच्या आणि तपासणीच्या गठ्ठ्यांत वाटले जातात. फेरफार नोटिशीचा जवळजवळ सगळा मजकूर छापील असतो, बदलतात ती नावं आणि गट नंबर. तोच साचा दोन्ही गठ्ठ्यांत आला की मॉडेल साचा पाठ करतं आणि अचूकता शंभराच्या जवळ दिसते. मग दुसऱ्या तालुक्याचे कागद आले की कोसळतं. त्यामुळे वाटणी गावानुसार किंवा वर्षानुसार करा: चार तालुके शिकवायला, पाचवा पूर्ण बाजूला. आणि नुसती अचूकता पाहू नका, प्रत्येक प्रकाराचा एफ-१ (चुकीचे धरलेले आणि सुटलेले दोन्ही लक्षात घेणारा आकडा) काढून त्यांची सरासरी पाहा. परिपत्रकं थोडी आणि बातम्या ढिगाने असल्या, तर सगळ्याला बातमी म्हणणारं मॉडेलही अचूकतेत वर दिसतं.

नावांचं काम सुरू करण्याआधी टॅग, म्हणजे हे नाव व्यक्तीचं की ठिकाणाचं अशी खूण, लावण्याचे नियम लिहून काढा. एक-दोन पानं पुरतात, पण ती कोकण जाणणाऱ्याने लिहावीत.

'-कर' चा नियम सगळ्यात आधी. "रत्नागिरीकरांना दिलासा" यात व्यक्ती नाही, गावातले लोक आहेत. "मालवणकर यांचे निधन" यात व्यक्ती आहे. अडतं ते "मालवणकरांनी सांगितले" इथे. आदरार्थी बहुवचनामुळे तो एक माणूसही असेल, अख्खं गावही असेल. आमचा नियम असा: त्याच कागदात आधी पूर्ण नाव येऊन गेलं असेल तर व्यक्ती, नाहीतर लोकसमूह. लोकसमूहाला वेगळा टॅग द्या, ठिकाणाच्या टॅगमध्ये कोंबू नका. हे कळण्यासाठी मॉडेलला मागचा परिच्छेद दिसायला हवा, एकेक वाक्य सुटं देऊन भागत नाही.

मग एकात एक बसलेली नावं. 'डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली' या एका नावात व्यक्ती आहे, प्रदेश आहे, गाव आहे, आणि सगळं मिळून १९७२ साली स्थापन झालेली संस्था आहे. सपाट टॅगिंगमध्ये, म्हणजे एका शब्दाला एकच टॅग देताना, सगळ्यात मोठा तुकडा घ्या आणि त्याला संस्था म्हणा. स्वल्पविरामानंतरचं 'दापोली' आत घ्यायचं की बाहेर, हे एकदा ठरवा आणि कधीही बदलू नका. टॅग लावणाऱ्या दोघांत मतभेद होतात ते अशाच काठावर. दोघांना तेच शंभर कागद द्या, कप्पा (दोघांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढा, आणि तो ०.८ च्या खाली असेल तर माणसांना दोष देण्याआधी नियम पुन्हा वाचा.

वाण आणि जातींसाठी वेगळा टॅग हवाच. शेतीसल्ल्यात "रत्ना, सिंधू या जातींची लागवड" आलं की मॉडेल दोघींना माणसं समजतं. कागदाचा प्रकार शेतीसल्ला आहे हे मॉडेलला दिसलं, तर ही चूक बरीच कमी होते. त्यासाठी काही गुंतागुंतीचं करावं लागत नाही: प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला प्रकाराचं नाव एक शब्द म्हणून जोडा, शिकवतानाही आणि वापरतानाही. शास्त्री, सावित्री आणि निसर्ग यांचाही गुंता तिथेच सुटतो. फक्त एक सावधगिरी घ्या. शिकवताना काही तुकड्यांवर प्रकार मुद्दाम कोरा ठेवा, म्हणजे वर्गीकारक चुकला तरी मॉडेल हतबल होत नाही.

कोकणातल्या कागदांची एक मेहेरबानी अशी, की बऱ्याच ठिकाणी ते स्वतःच सांगतात. 'मु. पो. … ता. … जि. …' या साखळीतून गाव, तालुका, जिल्हा उतरंडीसकट मिळतो. 'श्री.', 'सौ.', 'कै.', 'कु.' यांच्या पुढे व्यक्ती येते, 'रा.' च्या पुढे गाव. सातबाऱ्यावर नावाच्या मागे-पुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान (वयाने लहान) खातेदाराचा पालनकर्ता येतं. ते नावाचा भाग नव्हे, पण नाव कुठे संपतं हे त्यातून कळतं. मात्र याच टिंबांमुळे वाक्यं तोडणारी साधनं 'ता.' वर वाक्य संपवतात आणि 'गुहागर' नवीन वाक्याच्या सुरुवातीला पोरकं होऊन पडतं. संक्षेपांची यादी करून ते आधीच सांभाळून घ्या. तारखांचंही असंच. '७/१२' ला तारीख शोधणारा नियम ७ डिसेंबर म्हणतो. जमिनीच्या कागदांत तो नियम सुट्या दोन आकड्यांवर बंद ठेवा, वर्षासकट असेल तरच तारीख धरा. 'शके' आला तर ७८ मिळवा. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारी ते साधारण मार्चपर्यंतच्या कागदाला ७९.

चतुःसीमेतली नावं वेगळी ठेवा. 'पूर्वेस: श्री. … यांची मिळकत, दक्षिणेस: पाखाडी, पश्चिमेस: समुद्र, उत्तरेस: चिऱ्याचा गडगा' यातला पूर्वेचा माणूस शेजारी आहे, व्यवहारात त्याचा काही संबंध नाही. त्याला पक्षकार म्हणून नोंदवलं तर शोधणाऱ्याची दिशाभूल होते, आणि त्या माणसावरही अन्याय होतो. 'पूर्वेस' पासून 'उत्तरेस' च्या ओळीच्या शेवटापर्यंत सापडलेल्या प्रत्येक नावाला 'शेजारी' ही भूमिका द्या.

मॉडेलसाठी शून्यापासून सुरुवात करण्याची गरज आता राहिलेली नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये महानेर हा २५ हजार वाक्यांचा हाताने टॅग केलेला संग्रह दिला. त्यात व्यक्ती, ठिकाण, संस्था यांच्याबरोबर हुद्दा, तारीख, वेळ आणि मोजमाप हेही टॅग आहेत. सरपंच, तलाठी, गुंठे, आर यांच्या दृष्टीने हे फार उपयोगी. भारतीय भाषांवर काम करणाऱ्या एआयफॉरभारत या गटाच्या नामपदम संग्रहात अकरा भारतीय भाषा आहेत आणि मराठी त्यात आहे, पण टॅग तीनच: व्यक्ती, ठिकाण, संस्था. खाली पाया म्हणून बसवायला महाबर्ट हे मराठीचं मॉडेल किंवा गूगलचं भारतीय भाषांचं म्युरिल. महानेरची वाक्यं बातम्यांची आहेत, त्यामुळे त्यावर शिकलेलं मॉडेल साप्ताहिकाच्या बातमीवर बरं चालतं आणि फेरफार नोटिशीवर अडखळतं. आपल्या कागदांची हजार-दोन हजार वाक्यं टॅग करून त्यावर पुन्हा शिकवा. लर्निंग रेट (दर पावलाला मॉडेल किती बदलायचं ते) २ ते ५ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, सगळ्या नमुन्यांवरून तीन ते पाच फेऱ्या, सोळाची बॅच (एका वेळी दिलेले नमुने). याहून जास्त फेऱ्या केल्या की ते गावांची नावं पाठ करू लागतं.

दोन तांत्रिक गोष्टी विसरू नका. टोकनायझर 'वेंगुर्ल्यातील' चे अनेक तुकडे करतो. लेबल पहिल्या तुकड्याला द्या, बाकीच्यांना चूक मोजताना वगळा, नाहीतर लांब शब्दांचं वजन उगाच वाढतं. आणि या मॉडेलांत एका वेळी ५१२ टोकन मावतात. ग्रामसभेचा लांब ठराव त्यात बसत नाही आणि उरलेला भाग गुपचूप कापला जातो. 'अनुमोदक' नेमका त्या कापलेल्या भागात असतो. मजकूर खिडक्यांत, म्हणजे साठ-सत्तर टोकन एकमेकांवर चढतील अशा तुकड्यांत, तोडा आणि दोन्हींत आलेल्या नावासाठी, ज्या खिडकीत ते मध्याच्या जवळ आहे तिथला निकाल घ्या.

नाव सापडलं, आता ते कुठलं हे ठरवायचं. शब्दाचा शेवट छाटून मूळ काढायचा मोह होतो. 'ला' छाटणारा नियम 'वेंगुर्ला' चं 'वेंगुर्' करतो. उलट्या बाजूने जा: गावांची यादी घ्या, प्रत्येक गावाची सामान्यरूपं आधीच तयार करा आणि मजकुरातला शब्द त्यांच्याशी जुळवा. आचरा-आचऱ्यात, रोहा-रोह्यात, लांजा-लांज्यात, चिपळूण-चिपळुणात, राजापूर-राजापुरात. शेवटच्या दोन्हींत ऊकार ऱ्हस्व होतो हे लक्षात असू द्या, संगणकाने बनवलेल्या रूपांत तो हमखास दीर्घ राहतो. वेंगुर्ला-वेंगुर्ले, रोहा-रोहे, हर्णै-हर्णे ही दुहेरी रूपंही एका नोंदीखाली आणा. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड नोंदीला जोडला की पुढे कुठल्याही यादीशी मेळ घालता येतो.

एकाच नावाची अनेक ठिकाणं असतात तिथे तालुका शोधा. मुरूड रायगडात आहे, जंजिऱ्याजवळचं. मुरूड दापोली तालुक्यातही आहे, हर्णैच्या शेजारी. त्याच कागदात जंजिरा असेल तर पहिलं, हर्णै किंवा आंजर्ले असेल तर दुसरं. काहीच नसेल तर दोन्ही शक्यता नोंदवा आणि माणसाकडे पाठवा. सिंधुदुर्ग किल्लाही आहे आणि जिल्हाही, रायगडचंही तेच. इथे कागदाचं वर्ष कामी येतं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या कागदात 'ता. मालवण, जि. रत्नागिरी' दिसलं तर ते बरोबर आहे, दुरुस्त करू नका. त्याच काळातला 'कुलाबा जिल्हा' म्हणजे आजचा रायगड, मुंबईतला कुलाबा नव्हे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला. प्रत्येक नोंदीत दोन रकाने ठेवा: कागदावर लिहिलंय ते, आणि आजचं.

निकाल तपासताना संपूर्ण नाव काठासकट बरोबर आलं तरच ते बरोबर धरा, आणि आकडे कागदाच्या प्रकारागणिक वेगळे लिहा. बातम्यांवर उत्तम आणि सातबाऱ्यावर सुमार असं मॉडेल एकत्र सरासरीत ठीकठाक दिसतं. ज्या निकालांवर मॉडेलला स्वतःलाच खात्री कमी आहे, ते रोज थोडेथोडे माणसाने पाहावेत. त्यातूनच पुढच्या शिकवणीचे सगळ्यात मोलाचे नमुने मिळतात.

शोधासाठी संग्रह लोकांना खुला करणार असाल तर एक गाळणी त्याआधी लावा. जमिनीच्या आणि योजनांच्या कागदांत आधार क्रमांक, मोबाइल, बँक खाते सर्रास असतात. आधारचे बारा आकडे वेरहोफ तपासअंकाने, म्हणजे शेवटचा अंक आधीच्या अंकांशी ताडून, पडताळता येतात, त्यामुळे गट नंबर किंवा पावती क्रमांकाशी गल्लत कमी होते. मोबाइल दहा आकडी, सुरुवात ६ ते ९. ही गाळणी साफ केलेल्या मजकुरावर चालवा आणि मूळ प्रतिमेवरही त्याच जागा झाका. मजकुरातून क्रमांक काढला आणि स्कॅनवर तसाच राहिला, तर काढून उपयोग काय? अज्ञान वारसांची नावं शोधयादीत घेऊ नका. शेजाऱ्यांची नावंही शोधात वर आणू नका, ज्याला हवीत तो कागद उघडून वाचेल.

गावांची यादी, नियम आणि मॉडेल यांची आवृत्ती प्रत्येक नोंदीवर लिहा. 'हर्णे' हे रूप यादीत नव्याने घातलं, की कोणते कागद परत चालवायचे ते त्या आकड्यावरून लगेच काढता येतं.